टेबलावरचा फाटा

दादा गेल्याच्या चौथ्या दिवशी मी मागची खोली उघडली. दिवा लावला आणि दाराची चौकट धरून उभी राहिले. आपण चुकून दुसऱ्या कुणाच्या घरात शिरलो की काय, असं क्षणभर खरोखरच वाटलं.

टेबल तेच होतं. मंडपवाल्याकडून घेतलेली दोन लोखंडी टेबलं आणि त्यांवर आठ बाय चारचं प्लायवूड. त्यावरचा वारंगा फाटाही तोच होता, दादांनी सात वर्षं खपून केलेला. नांदेडहून येणारा रस्ता, तो फुटून एक हिंगोलीकडे आणि एक हदगावकडे जातो ती जागा, चिंच, एसटीचा निवारा, उत्तमसिंग काकांचं मंडप-लायटिंगचं दुकान, पंक्चरवाल्याचं खोपटं, दोन हॉटेलं, दादांचं रंगाचं दुकान आणि दुकानाच्या मागं, बरोबर टेबलाच्या मधोमध, आमचं दोन खोल्यांचं घर. घरं काडेपेटीएवढी, माणसं ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी. सगळं जागच्या जागी.

फक्त चिंच राणी रंगाची होती. लग्नातल्या सरबताच्या रंगाची. रस्ता केशरी होता, असा केशरी की त्यावर नजर ठरेना. एसटी पोपटी, निवारा राणी, हॉटेलांपुढची बाकडी केशरी, बैलजोडीतला एक बैल पोपटी आणि दुसरा राणी. हायवेवर पोलीस अंगात जाकीट घालतात त्या पिवळ्या रंगाचं एकच घर होतं. ते आमचं.

खिडकीला काळा कागद चिकटवलेला होता. दिव्याच्या उजेडात काहीतरी वेगळं दिसत असेल, या आशेनं मी तो ओरबाडून काढला. ऊन आत आलं. उन्हात ते जास्तच वाईट दिसलं. जत्रेतल्या खेळण्यांच्या पाटीसारखं.

दादा म्हणजे माझे वडील, ग्यानबा पेंटर. फाट्यावर एकेकाळी असा ट्रक उभा राहत नसे, ज्याच्या मागच्या फळीवर त्यांचा हात फिरला नाही. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, निवडणुकीचे कापडी फलक, सगळं त्यांनी रंगवलं. पुढं फ्लेक्स आलं आणि हे काम गेलं. मग रस्ता रुंद करायला आमची अख्खी ओळ पाडली, दुकान आणि मागचं घर दोन्ही. पाडापाडीच्या आदल्या आठवड्यात दादा सुतळी घेऊन फिरत होते. ही भिंत किती, तो ओटा किती, चिंचेपासून दार किती, सगळी मापं त्यांनी सुतळीला गाठी मारून घेतली. प्रत्येक इमारतीची एक सुतळी. त्या सुतळ्या अजून खोलीतल्या खिळ्यावर लटकत होत्या, जानव्यांसारख्या.

आम्ही आत शेतातल्या नव्या घरात आलो आणि दादांनी टेबल मांडलं. दोडक्याच्या वाळलेल्या शिरांची झाडं केली. टूथपेस्टची ट्यूब कापून, कंगव्यावर दाबून, पत्रे केले. पीओपीच्या भिंतींना चहाचं पाणी, विटेची पूड, चुलीची काजळी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सोलापूरहून आले की त्यांच्या शेजारी बसून पूड चाळून द्यायची. एकदा मी म्हणाले होते, दादा, उत्तमसिंग काकांचं शटर जरा उजळ करा ना, छान दिसेल. ते हसले होते.

"दुकानात मी लोकायला पाहिजे तो रंग दिला, मंजू. चाळीस वर्षं. इथं जो होता तोच देतो."

ते वाक्य मी बरोबर घेऊन फिरत होते. कॉलेजात, ग्रंथालयात, कुणी वास्तववादावर जडजड बोलायला लागलं की मला ते चहाचं पाणी आठवायचं. आता त्याच भिंतीवर हा पोपटी.

मी जवळ जाऊन पाहिलं. आमच्या घराच्या छपरावर, पिवळ्या रंगात, अंगठ्याचा ठसा उमटलेला होता. ओला असताना कुणीतरी बोट लावलं होतं. तसेच ठसे हॉटेलावर, निवाऱ्यावर, सगळीकडे होते. ओल्या रंगाला बोट लावलं म्हणून दादांनी एका मदतनिसाला दुकानातून उभ्या उभ्या घालवून दिलं होतं, हे सगळ्या फाट्याला ठाऊक होतं.

मी दार लावून घेतलं.

ओसरीवर बायका बसल्या होत्या. भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. शेजारच्या भिकाबाईनं मला बघितलं आणि आईला मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "नर्मदाबाई, पोरीला रडू दे गं जरा. एवढं शिकल्यावर डोळ्यातलं पानी आटतं की काय?"

"तिचं तिला रडू दे," आई म्हणाली. "तुझ्यासारखं रस्त्यावर ऐकू जाईल असं रडता येत न्हाई तिला."

दोघीतिघी पदराआड हसल्या. मी रिकामे कप गोळा करून आत नेले.

संध्याकाळी शिवशंकर दुकानातून आला. माझा धाकटा भाऊ. नव्या रस्त्याला त्याचं रेडियम आणि फ्लेक्सचं दुकान आहे. मी त्याला विचारलं, "मागच्या खोलीत कोण जायचं रे?"

"दादाच जायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे का ते? काहून?"

"काही नाही. धूळ बसलीय. तेरवीच्या आत मी नीट करते."

"कर की. ताई, मी तर म्हणून राहिलो, तेरवीला ते टेबल मंडपातच ठेवायचं. फोटोपाशी. सगळा फाटा येईल बघायला. उत्तमसिंग काकाला बोललो मी. ते म्हणले, मी बराबर लावून देतो."

सगळा फाटा येईल बघायला. मला ते लोक दिसले. पंक्चरवाला, हॉटेलवाले, कळमनुरीचे जुने ट्रकमालक. पंगतीतून उठून, हात पुसत टेबलाभोवती उभे. आधी गप्प होतील. मग कुणीतरी दुसऱ्याला कोपर मारील. शेवटी शेवटी पेंटरचं डोकं चालत न्हवतं वाटतं.

मी तेव्हाच विचारायला हवं होतं. शिवा समोर बसला होता, आई आत होती. एवढंच म्हणायचं होतं: हे रंग असे काहून? पण मला विचारणं जमत नाही. मी ताडते. अठरा वर्षं ग्रंथपाल म्हणून पुस्तकांच्या कपाटांत काढल्यावर माणूस बोलायच्या आत त्याचा अर्थ लावून टाकायची खोड लागते, आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघतो म्हणून खोड मोडत नाही.

मी ताडलं ते असं. दादांचं मन दोन वर्षांपूर्वीच ढळलं होतं. घरच्यांनी माझ्यापासून ते लपवलं. पुरावे होतेच. दर रविवारी अकराला त्यांचा फोन यायचा आणि ते भलतंच काहीतरी विचारायचे. उत्तमसिंगचं शटर कोणत्या रंगाचं होतं गं? निवाऱ्याचे खांब हिरवे होते का पिवळे? एकदा म्हणाले, आपल्या घराचं दार?

"निळं, दादा. तुम्हीच तर रंगवलं होतं."

"निळं," ते म्हणाले. "निळ्यानं लई पंचाईत केली."

मी तेव्हा सूचीपत्रं तपासत होते. बरं दादा, म्हणून फोन ठेवला.

गेल्या दिवाळीत दोन दिवस आले तेव्हा त्यांनी मागची खोली उघडू दिली नाही. काम चालू आहे, पुरं झाल्यावर बघ. पेपर मला वाचायला लावला, आख्खा, बाजारभावासकट. मला बरं वाटलं होतं. पण वाचताना वर पाहिलं की त्यांचं तोंड माझ्याकडे नसायचं. माझ्या खांद्याच्या पलीकडे, भिंतीकडे कुठंतरी बघत ते ऐकत असायचे. बोलायचेही तसंच. त्याच्या आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात मी नवऱ्याचं घर सोडून वेगळं बिऱ्हाड केलं होतं, आणि कोर्टाच्या फेऱ्यांत सुट्टीत इकडे येणंही थांबलं होतं. दादा त्यावर एक शब्द बोलले नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत नाहीत याचा अर्थ मी लावला आणि तो गिळून सोलापूरला परत गेले. त्यानंतर आले ती एकदम त्यांना शेवटचं बघायला. त्यांना उचलण्याआधी कुणीतरी चष्मा विचारला, तर तो फडताळात सापडला. काचांवर धुळीचा थर होता. तेही मी माझ्या हिशेबात जमा केलं. स्वतःच्या चष्म्याचीही शुद्ध नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारी घर जरा रिकामं झालं. मी मागच्या खोलीत गेले. शेल्फवर थिनरची बाटली होती. जुनं धोतर फाडून बोळा केला. दादांनी मला लहानपणी शिकवलेली पहिली गोष्ट हीच. पाटीवर अक्षर चुकलं की रडत बसायचं नाही, लाजायचं नाही. बोळा घ्यायचा आणि एका दमात पुसायचं. अर्धवट पुसलं की डाग राहतो.

सुरुवात आमच्या घरापासून केली. ते सगळ्यांत भडक होतं आणि सगळ्यांत आधी मला तेच परत हवं होतं. चहाच्या पाण्याच्या भिंती, काजळीचं छप्पर. खऱ्या घराचा आता एक दगडही जागेवर नाही, त्यावरून ट्रक जातात. हे एवढंच होतं.

छपरावरचा अंगठा पहिल्यांदा पुसला. आज हे लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा थांबला नाही. तो ठसाच मला सगळ्यांत जास्त बोचत होता.

पिवळा रंग सहज सुटला. बोळा भिजला, बोटं भिजली, नखांत गेलं. खाली काजळी निघेल म्हणून मी वाट बघत होते.

खाली पांढरं निघालं.

आधी वाटलं, पीओपी उघडं पडलं. बोटानं चाचपलं. नव्हतं. तो रंग होता. सारखा, गुळगुळीत, दोन हात दिलेला पांढरा रंग. भिंतीवर, छपरावर, दाराच्या चौकटीच्या आत, जिथं ब्रशचे चार केसही कष्टानं जातील तिथंसुद्धा. मी शेजारच्या हॉटेलाची कड नखानं खरवडली. केशरीच्या खाली पांढरं. चिंचेचं एक पान मोडलं. राणीच्या खाली पांढरं.

मी पेंटरची मुलगी आहे. भडक रंग नुसत्या भिंतीवर बसत नाही, तो खालचा मळकट रंग पिऊन मरतो. आधी पांढऱ्याचा हात द्यावा लागतो, तो वाळू द्यावा लागतो, मग दुसरा, आणि तेव्हा कुठं वरचा रंग उठतो. हे मला चौथीत असल्यापासून माहीत होतं. डोकं ठिकाणावर नसलेला माणूस ज्वारीच्या दाण्याएवढ्या माणसांना पांढऱ्याचे दोन हात देत बसत नाही. बैलाच्या शिंगांना देत नाही.

हे कुणीतरी विचार करून केलं होतं. दोन वर्षं, रोज, नियमानं.

माझ्या हातात बोळा तसाच होता. थिनरनं पांढराही सुटायला लागला होता आणि त्याच्याखालचं चहाचं पाणी, काजळी, सगळं एकत्र होऊन राखाडी लगदा भिंतीवरून ओघळत होता. पुसत गेले तेवढं आणखी सुटत गेलं. शेवटी खरंच नुसतं पीओपी राहिलं, ठिकठिकाणी डागाळलेलं.

"बाई, काय करून राहिलीस?"

आई दारात उभी होती. हातात चहाचा कप.

"नीट करतेय," मी म्हणाले. "हे दादांचे रंग नव्हेत, आई."

"मंग कोणाचे?"

आईनं कप खिडकीत ठेवला, टेबलाजवळ आली, वाकून त्या उघड्या पडलेल्या घराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"त्यायला दुसरे रंग दिसत न्हवते, मंजू," ती म्हणाली.

मी तिच्याकडे वळले.

"म्हणजे?"

"म्हणजे काय, डोळे गेलते की त्यायचे. शुगरनं. डोळ्यामागचा पडदा. नांदेडला तीनदा डोळ्यात सुया दिल्या. डॉक्टर म्हणला, आजोबा, कडंकडंचं ऱ्हाईल, मधलं आता येत न्हाई. आसं मधात खड्डा पडलाय म्हणायचे. काळा. जिकडं बघावं तिकडं तो खड्डा मोहरं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुला शिवानं सांगितलं न्हाई?"

"नाही."

"मला वाटलं, त्यानं सांगितलं असंल. तू आल्यावर पहिल्याच दिवशी."

"तुम्ही कुणी मला दोन वर्षं सांगितलं नाही."

"त्यायनं आण घातली. म्हणले, तिचंच तिला किती होऊन राहिलं. वकील, कोर्ट, नवं घर. त्यात हे कळलं तर सगळं सोडून येईल अन मला सोलापूरला नेऊन बशिवल. मंग मह्या फाट्याचं काय?"

मी टेबलाच्या कडेला टेकले. विचारू नये ते विचारलं.

"म्हणून ते माझ्याकडे बघत नव्हते? दिवाळीत?"

"बघत न्हवते?" आई चकित झाली. "आगं, तुझ्याकडंच बघायचे. नाकासमोर बघितलं की माणूस गायब व्हायचा त्यायला. बाजूला, भितीकडं बघितलं की मंग दिसायचा जरासा. तू पेपर वाचायलीस अन ते आपले भितीकडं तोंड करून तासभर. रातच्याला मला म्हणले, मंजू लई वाळली. उजव्या कानामागं केस पांढरे झाले."

माझा हात उजव्या कानामागं गेला. थिनरचा वास आला.

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. शिवा आणि उत्तमसिंग काका मंडपाच्या वायरीचं माप घ्यायला आले होते. काका दादांहून चार-पाच वर्षांनी लहान. पांढरी दाढी, निळी पगडी, हातात टेप. दारात आले आणि खिडकीकडे बघून थबकले.

"अरे, कागद किसने निकाला? बेटा मंजू, तू?" ते कागदाचे तुकडे उचलायला लागले. "ट्यूब लावून बघितली का नाय?"

"कसली ट्यूब?"

"शिवा, दीदी को ट्यूब नाय दाखवली?"

"आईनं दाखवली असंल म्हणलं," शिवा म्हणाला. मग त्याला टेबलावरचं घर दिसलं. त्यानं माझ्या हातातल्या बोळ्याकडे बघितलं.

काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांची पाठ टेबलाकडे होती, ते खिडकीला कागद लावत होते. "दिवसाउजेडी हे सगळं जोकरवानी दिसतं, बेटा. मी पयल्यांदा बघितलं तवा पेंटरसाबला बोललो, ये क्या सर्कस लगाया तुमने. तर मला म्हणले, उत्तम, तुझ्या मंडपातल्या डीजेवाल्याची ती जांभळी ट्यूब असते ना, जिच्यात पांढरे शर्ट चमकतात, ती आण. दोन आणल्या. छताला लावल्या. मग मला म्हणले, आता बघ अन हस." त्यांनी खिशातून चिकटपट्टी काढली. "रोज चार घंटे बसायचे इथं. हातात ती गाठीवाली सुतळी, माप बोटानं. रंग लावला की बोट टेकवून बघायचे, लागला का नाय. मी बोललो, पेंटरसाब, ठसा उमटून राहिला. म्हणले, उमटू दे. पाटी थोडीच आहे ही."

आई पदर तोंडाला लावून उभी होती. मी काकांना थांबवायला हवं होतं. मी बोळा पाठीमागं लपवला.

"अन निळ्यानं त्यायला लई सतावलं," ते सांगत राहिले. "निळा रंग ट्यूबखाली उठतच नाय. घराचं दार निळं पायजे अन ते दिसतच नाय. पंधरा दिवस जेवले नाय नीट. मग सगळं घरच लिंबोणी केलं. आख्ख्या टेबलावर तेवढंच एक लिंबोणी ठेवलं. म्हणले, दारातून आत आलो की आधी घर दिसलं पायजे, बाकी फाटा त्याच्यावरून मी हुडकतो. शिवा, दार लाव. बत्ती बंद कर."

शिवानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं दार लावलं, दिवा घालवला. बाहेर दुपारचं ऊन होतं आणि आत काहीच दिसत नव्हतं.

खटका वाजला. ट्यूब दोनदा फडफडली आणि लागली.

ट्यूबचा म्हणावा असा उजेड पडला नाही. छताला एक जांभळट काळी रेघ दिसली, एवढंच. पण खाली टेबलावर वारंगा फाटा पेटला होता. रस्ता निखाऱ्यासारखा आतून उजळून वळला होता. चिंच पानापानानं दिसत होती. एसटी निवाऱ्याला लागली होती, हॉटेलापुढं माणसं बसली होती, बैल चालले होते. दुपारी जे जत्रेतलं वाटलं होतं ते सगळं आता अंधारात तरंगत होतं, स्वच्छ, कडा धारदार. मी लहानपणी चारच्या एसटीनं शाळेतून परतायचे आणि वळणावरून जे बघायचे ते हेच होतं, मापानं, गाठीगाठीनं. कुठंच चूक नव्हती.

आणि मधोमध खड्डा होता.

काळा, काडेपेटीएवढा. त्याच्याभोवती सगळा फाटा जळत होता आणि तिथं काही नव्हतं. नजर तिथंच जायची आणि तिथंच बुडायची.

"घर कुठंय?" उत्तमसिंग काका म्हणाले.

काका टेबलावर वाकले.

"शिवा? घर कुठं गेलं? यहीं तो..."

"मी पुसलं, काका," मी म्हणाले.

अंधारात त्यांची फक्त दाढी दिसत होती, जांभळट पांढरी. त्यांनी "वाहेगुरू" म्हटलं, अगदी हळू. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

शिवा खाकरला. "लिंबोणीची डबी आहे, ताई. अर्धी आहे. फडताळात."

"आधी पांढऱ्याचा हात द्यावा लागेल," मी म्हणाले. "दोन."

"मंग दे की. आठ दिवस आहेत तेरवीला."

"त्यावरचा अंगठा नाही येणार."

"न्हाई येणार," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता.

मी घराच्या जागेवर हात नेला, भिंती अजून ओल्या आहेत का बघायला. आणि दचकून मागं ओढला.

माझी बोटं पेटली होती. पाचही. नखांच्या कडा, तळव्याच्या रेषा, अंगठ्याचं पेर, सगळं लिंबोणी, अंधारात बाकी मी दिसत नसताना नुसते माझे हात तरंगत होते. खाली फरशीवर बोळा पडला होता तोही चमकत होता. घरासारखा नाही, चुरगळलेल्या कापडासारखाच, पण त्याच रंगात. एक थेंब माझ्या साडीवर होता. एक कानामागं असणार, कारण आई तिथं बघत होती.

मी हात फिरवून पाहिले. जेवढं पुसलं होतं तेवढं सगळं इथं आलं होतं.

मग आई भिंतीचा आधार घेत माझ्याजवळ आली. तिनं माझं मनगट धरलं, हात स्वतःच्या डोळ्यांजवळ नेले, उलटे केले, सुलटे केले. घरात दुखलंखुपलं की ती असंच बघायची.

"चल," ती म्हणाली. "सकाळपासून पोटात काही न्हाई तुझ्या. हात धू अन दोन घास खा."

"आई, हे धुऊन जाणार नाही."

"त्यायचे बी जात न्हवते," आई म्हणाली. "तसेच जेवायचे."